टाचांवर राखलेली खोली

जयसिंग फडतरे सरांच्या घरातली एक खोली रोज दुपारी थोडी थोडी चोरीला जात होती. चोर शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहत होते. दोघांचं वय मिळून सात वर्षं होतं आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल होत नव्हता, कारण ते फक्त पळत होते.

खोली सरांच्या मुलीची, गार्गीची. गार्गी बंगळुरूला नोकरीला. तिच्या कपाटामागं पूर्वी झाडू आडवा जायचा. मग तो उभा जाऊ लागला. आता झाडूच्या काड्यासुद्धा तोंडापाशी वाकून परत येत. सर दुपारी डोळे मिटून पडत आणि कान लावत, पण भिंत आवाज करत नसे. कुरकुरली असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

साताऱ्यातली त्यांची जुनी सोसायटी पाडून ही नवी इमारत उभी राहिली, तेव्हा माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'घर तुमच्यासोबत वाढेल.' उलट दिशेबद्दल माहितीपत्रकानं मौन पाळलं होतं.

प्रणालीचं नाव 'ऐसपैस'. समजायला तशी सोपी. फरशीखाली एक पातळ पापुद्रा अंथरलेला असे. त्यावर पाऊल पडलं की दाबामुळं किंचित वीज तयार होई. माणसाचं वजन, दोन पावलांमधलं अंतर, आधी टाच टेकते की चवडा, या सगळ्याचा मेळ घातला की बोटाच्या ठशाइतकी पक्की ओळख पटे. कॅमेरा नाही, माइक नाही, कुणाच्या फोनमध्ये डोकावणं नाही. घराला फक्त पाय कळत. खांब आणि तुळया जिथल्या तिथं, पण मधल्या भिंती पोकळ, हलक्या, खालीवर खोबणीत बसवलेल्या. अगदी शेजाऱ्याबरोबरची भिंतसुद्धा. जिकडं वावर जास्त तिकडं भिंत वाट करून देई, जिथं कुणी फिरकत नाही तिथली जागा काढून घेई. दिवसाला बोटभर, फार तर दोन बोटं. तेही दुपारीच, कारण साताऱ्यात जेवण झाल्यावर जमिनीला पाय लावायची पद्धत नाही, हे पापुद्र्यानं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

शहरांत जागाच उरली नव्हती, म्हणून कायदाही तसाच झाला होता. एकट्या माणसाला स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एक खोली. दोघं असतील तर आणखी एक. देशभरातल्या ऐसपैस इमारतींची नोंद एकच ठेवलेली, कारण एक माणूस एकाच घरी राहतो, असं प्रणाली धरून चाले. ती इतकी हुशार होती की तिला दुसरी शक्यता सुचलीच नव्हती.

सरांना राग येत होता तो वेगळ्याच गोष्टीचा. ते तंत्रनिकेतनात जन्मभर 'इमारत नियोजनाची तत्त्वे' शिकवत आले होते. सूर्य कुठून येतो, खिडकीतून काय दिसतं, कुणाला किती एकांत लागतो, कुठल्या खोलीला कुठल्या खोलीचा शेजार हवा. आणि ये-जा. ये-जा शिकवताना ते फळ्यासमोर फेऱ्या मारत. चार पावलं, थांबणं, डावीकडं वळून फळ्याकडं बघणं, पुन्हा चार पावलं. साइटवर एकदा पोरांना जिना दाखवताना पडले, तेव्हापासून उजवा पाय जरा ओढत चालायचे, पण फेऱ्या सुटल्या नाहीत. निवृत्त झाल्यावरसुद्धा स्वयंपाकघरात चार पावलं गेली की ते थांबून डावीकडं वळत. डावीकडं फ्रिज होता.

त्या तासाला ते एक वाक्य हमखास टाकत. "ज्या जागेवरून कुणी येत-जात नाही, ती जागा मेलेली. मेलेली जागा पोसू नका."

शेवटच्या बाकावर बसणाऱ्या रणजित इथापेनं ते वाक्य लिहून घेतलं होतं. पुढं त्याच वाक्याची त्यानं प्रणाली केली.

सरांनी त्याला फोन लावला.

"सर! नमस्कार सर! तब्येत काय म्हणते?"

"तब्येत बरी आहे. खोली आजारी आहे. रणजित, गार्गीच्या खोलीची भिंत जरा थांबवता येईल का?"

"सर, भिंत माझं ऐकत नाही. मी तिला बनवलं, बास. आणि तत्त्व तुमचंच आहे, सर. मेलेली जागा पोसू नका."

"बाकीची तत्त्वं पण होती ना रे? एकांत, दृश्य, सूर्यप्रकाश?"

"सर, खरं सांगू? तो प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता."

रणजितला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "सर, त्या खोलीत दुसरं माणूस चाललं की भिंत आपोआप थांबेल. तुमच्या एकट्याचं नाही चालणार, वेगळं माणूस हवं. मिळेल का?"

"बघतो," सर म्हणाले. जणू ते वाण्याकडं मिळत होतं.

गार्गीचा फोन रविवारी येई.

"पप्पा, जेवला का?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

"मेथी. तू कधी येतेस?"

"बघते हो. ही रिलीज झाली की येतेच. पप्पा, दुसरा फोन येतोय, नंतर करते हं."

सातारा ते बंगळुरू एकच हमरस्ता. मध्ये वळायचीसुद्धा गरज नाही. पण 'नंतर' आणि 'येते' यांच्यामध्ये कुठंतरी रस्ता खचला होता. खोलीबद्दल सर तिला काही बोलले नाहीत. बोलले असते तर ती म्हणाली असती, "जाऊ दे की पप्पा, मला कशाला खोली?" हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ते ऐकलं नाही तोवर खोली तिची होती.

एका दुपारी कपाटाचं दार भिंतीला अडलं. म्हणजे आता उघडेना. आत गार्गीचे स्वेटर होते, बंगळुरूत न लागणारे. सरांनी दार ओढलं, ढकललं, शेवटी भिंतीला एक लाथ घातली आणि दुखऱ्या पायानं, रागानं टाचा आपटत स्वयंपाकघरापर्यंत गेले.

मागं गार्गीच्या खोलीतला दिवा लागला.

सर वळले. दाराजवळच्या पाटीवर निळी अक्षरं उमटली होती. 'गार्गी, घरी स्वागत आहे.'

सरांनी दार उघडून जिन्यात पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी पुन्हा आत येऊन पाटी वाचली, चष्मा पुसून परत वाचली. मग खाली स्वतःच्या टाचांकडं बघितलं.

गार्गी टाचा आपटत चालायची. लहानपणापासून. उज्ज्वला, सरांची बायको, तिला रोज ओरडायची. "गार्गे, टाचा आपटू नकोस! पोरीच्या जातीनं असं चाललं की घरातली लक्ष्मी निघून जाते." लक्ष्मी गेली नाही. उज्ज्वला गेली, ही इमारत बांधायच्या आधीच. मग गार्गी एक वर्षभर या घरात टाचा आपटून राहिली आणि ती पण गेली. घराला गार्गीची चाल पाठ होती. उज्ज्वलाची माहीतच नव्हती. ते एका अर्थी बरंच झालं. नाहीतर सरांचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सर गार्गीसारखं चालायचा सराव करू लागले. आखूड, भराभर पावलं. टाच आधी, आणि अशी की खालच्याला कळावं. उंबरा ओलांडताना एक बारीक उडी. खिडकीशी आलं की एका पायावर उभं राहून अजिंक्यताऱ्याकडं बघायचं. गुडघ्याला पट्टा बांधून चौसष्ट वर्षांचा माणूस एका पायावर उभा राहून किल्ला बघू लागला. आठवडाभरात भिंत थांबली. मग मागं सरकू लागली. कपाटाचं दार उघडलं.

पाटीवर सूचना आली, 'गार्गी, आपले वजन बरेच वाढलेले दिसते. नियमित चालावे.'

सर दिवसभर दुसरं काही करतच नव्हते.

शेजारच्या अश्विनी पिसाळनं एकदा दार वाजवलं. जुळ्यांची आई ती. तिचा हॉल एवढा वाढला होता की फोन वाजला तर उचलेपर्यंत बंद व्हायचा, आणि त्याबद्दल ती बिचारी सरांना भेटली की माफी मागायची.

"सर, गार्गी आलीय का हो? टाचा ऐकू येतात."

"आलीय."

"बरं झालं! तुम्ही अगदी एकटे पडला होता. आहे का आत? हाक मारू?"

"झोपलीय."

"आत्ता तर चालत होती!"

"दमली," सर म्हणाले. ते खरं होतं.

त्या संध्याकाळी अश्विनीनं बासुंदीच्या दोन वाट्या पाठवल्या. सरांनी एक आपली म्हणून खाल्ली. दुसरीकडं बराच वेळ बघत बसले आणि मग तीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी पाटीनं गार्गीला गोड कमी करायला सांगितलं.

हळूहळू एक गंमत होत गेली. सर स्वयंपाकघरातून आपल्या चालीनं, पाय ओढत, गार्गीच्या खोलीच्या दारापर्यंत जात आणि विचारत, "चहा टाकू का गं?" मग आत जाऊन टाचा आपटत बाहेर येत. कधी कधी ती नको म्हणायची. तेव्हा टाचा खिडकीकडं जात आणि तिथंच थांबत. एकदा तर बापलेकीचं भांडण झालं, कशावरून ते सरांनाही कळलं नाही, पण रात्रभर तिच्या खोलीकडं कुणी गेलं नाही. घराच्या हिशेबी तिथं दोन माणसं सुखानं नांदत होती. सरांना मात्र मोजताना एकच सापडे.

गार्गीचा फोन आला तो रविवारी नाही, मंगळवारी.

"पप्पा, इकडं आमच्या ऐसपैसमध्ये एक विचित्रच झालंय. माझी खोली लहान होतेय. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये आता मी आडवी होऊन जाते. आज ऑफिसला जाताना कपाटच उघडेना, कालचेच कपडे घालून आलेय."

सरांच्या हातातलं चहाचं गाळणं हातातच राहिलं.

"कंपनीला फोन केला, तर म्हणतात, तुम्ही इथं राहतच नाही. तुम्ही साताऱ्याला राहता. म्हटलं, अहो, मी रोज इथं झोपते! तर म्हणतात, झोपण्याला आम्ही राहणं धरत नाही. चालणं बघतो. साताऱ्याला तुम्ही दिवसभर चालता. आणि वर म्हणतात, मॅडम, वजनाकडं लक्ष द्या, तीस किलो वाढलंय." ती थांबली. "पप्पा, माझ्या खोलीत कोण राहतंय?"

"कुणी नाही."

"पप्पा."

"मीच. तुझ्यासारखा चालतो."

पलीकडं ऑफिसातली माणसं बोलत होती, कुणीतरी हसत होतं.

"म्हणजे कसं?"

"टाचा आपटत. तुझी आई ओरडायची ना, तसं. ते पिसाळांची पोरं पळतात, त्यामुळं तुझी खोली चालली होती. म्हणून."

"अहो, पण मला सांगायचं ना! फोन करायचा!"

"फोन केला की तू नंतर करतेस," सर म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. पाऊस किती पडला हे सांगावं तसं म्हणाले.

गार्गी म्हणाली, "पप्पा, मला तिथं खोली कशाला हवी? आले तर हॉलमध्ये झोपेन की मी."

आलं होतं ते वाक्य शेवटी.

"हॉल गेल्या वर्षीच गेला," सर म्हणाले. "बरं, तू काम कर. कपाट आठवडाभरात उघडेल तुझं."

त्यांनी गाळणं खाली ठेवलं आणि जिथं उभे होते तिथून, आपल्या चालीनं, पाय ओढत पलंगाकडं गेले. चार पावलांनंतर डावीकडं वळून पाहायचं त्या दिवशी राहून गेलं.

मग त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तिथले स्वेटर, वह्या, एक फुटलेली फुलदाणी, सगळं बाहेर आणून स्वतःच्या पलंगाखाली भरलं. कपाट अश्विनीला देऊन टाकलं. तिनं विचारलं, "गार्गी गेली का हो?" सर म्हणाले, "गेली." ती म्हणाली, "पोरी जायच्याच," आणि या वेळी एकच वाटी पाठवली.

महिना गेला असेल. पिसाळांकडची भिंत पुढं पुढं येत गेली, मधली खोली संपली, आणि एका दुपारी सरांच्या खोलीची आतली भिंत घडी होऊन छतात गेली. तिच्या जागी पिसाळांकडची भिंत येऊन थांबली, थेट पलंगाशेजारी. तिच्यावर गार्गीनं चिकटवलेले रेडियमचे तारे होते. दिवा घालवला की ते हिरवे चमकत. सर कुशीवर वळले की सप्तर्षी नाकाला लागत. त्यांत सातच्या जागी आठ तारे होते. लावताना गार्गीला मोजायचा कंटाळा आला होता.

रविवारचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. ती रागावली असेल, असं सरांनी धरलं. कपाट उघडलं का, विचारावंसं वाटलं, पण उघडलं असणारच. तत्त्व त्यांचंच होतं.

आणि मग एका सकाळी पाटीवर अक्षरं उमटली. 'श्री. जयसिंग फडतरे, आपण बंगळुरू येथे राहावयास गेला असल्याचे दिसते. तसे नसल्यास घरात नेहमीप्रमाणे चालावे. अन्यथा आजपासून जागेची फेरआखणी सुरू होईल.'

सरांनी रणजितला फोन लावला.

"रणजित, तुझ्या प्रणालीत घोटाळा आहे. मी बंगळुरूला राहतो म्हणते."

"बघतो सर... नाही सर, बरोबर आहे. तुम्ही बंगळुरूलाच आहात."

"मी साताऱ्यात पलंगावर बसून तुझ्याशी बोलतोय."

"बसण्याला आम्ही धरत नाही, सर. चाल तंतोतंत तुमची आहे. उजवा पाय ओढत. चार पावलं झाली की थांबायचं आणि डावीकडं वळायचं. दोन आठवडे झाले, सकाळ-संध्याकाळ, तासन् तास चाललंय. सर, डावीकडं आहे काय तिथं?"

"फळा," सर म्हणाले.

"वजनात मात्र गंमत आहे. आधी फारच कमी होतं, प्रणालीला वाटलं, वयानं उतरलात. मग एकदम पंचवीस-तीस किलोनं वाढलं. मध्येच कमी होतं, परत वाढतं. जसं काही कुणीतरी पाठीवरचं ओझं खाली ठेवतंय आणि परत उचलतंय."

सरांना ते दिसलं. बंगळुरूच्या कुठल्याशा मजल्यावर, ऑफिसमधून आलेली एक पोरगी, पाठीवर तांदळाचं पोतं. पाय ओढत चार पावलं. थांबणं. नसलेल्या फळ्याकडं वळून बघणं. इतकी वर्षं तिनं ते कधी बघितलं, कुठं बसून बघितलं, कोण जाणे. आपल्याकडं कुणी बघतंय हे सरांना माहीत नव्हतं.

"सर, तिकडं तुमच्या नावानं एक खोली तयार होतेय. तुमच्या मुलीच्या खोलीला लागून. पूर्वेची खिडकी आहे. थांबवू का? चूक असेल तर तुम्ही फक्त घरात दहा-बारा फेऱ्या मारा, लगेच दुरुस्त होईल."

"शेजार कुणाचा म्हणालास?"

"मुलीच्या खोलीचा, सर."

"पूर्वेची खिडकी."

"हो सर. तेवढं मी ऑप्शनला नव्हतं टाकलं."

"ठेव फोन," सर म्हणाले.

गार्गीला त्यांनी फोन केला नाही. तिनंही केला नव्हता. बोललं असतं तर दोघांनी मिळून ते मोडलं असतं.

बंगळुरूची संध्याकाळची गाडी होती. सरांनी लागेल तेवढ्याच हालचालीत पिशवी भरली, वर स्वेटर ठेवले, आणि जेवण पलंगावरच उरकलं. मग उशीला टेकून, पाय वर घेऊन, चपला हातात धरून बसले. भिंत आली. हळू, नेहमीसारखी, आवाज न करता. आठ ताऱ्यांचे सप्तर्षी खांद्याला टेकले. सर आणखी थोडे आत सरकले आणि पाय पोटाशी घेतले. एकही बोट फरशीला लागू नये, याची काळजी ते परीक्षेला बसलेल्या पोरासारखी घेत होते.

पलीकडून जुळी धावत गेली. मग भिंतीवर टकटक झाली.

"सर!" अश्विनीचा आवाज घाबरला होता. "अहो, भिंत फारच पुढं आली! आमचा हॉल तुमच्या पलंगापर्यंत आला! सर, घरात आहात ना तुम्ही?"

सरांनी चपला छातीशी घट्ट धरल्या.

"नाही," ते म्हणाले.